आईच्या घरची रेघ

आईच्या घरी नवा मीटर बसला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद झाला तो त्या घरात न राहणाऱ्या लेकीला.

जुन्या मीटरचं चाक काचेआड आपलं आपलं फिरत असायचं. महिन्यातून एकदा एक माणूस टॉर्च घेऊन यायचा, आकडा टिपायचा, पाणी मागून प्यायचा आणि जायचा. नव्या मीटरला कुणाची वाट बघायची गरज नव्हती. घरात किती वीज गेली ते तो अर्ध्या-अर्ध्या तासाने स्वतःच वर कळवायचा. वडील गेल्यावर विजेचं बिल लेकीच्या नावावर झालं होतं, त्यामुळे ते सगळं तिच्या मोबाइलवर उमटायचं. एक आडवी रेघ आणि रेघेवर लहानमोठे उंचवटे. आई एका गावात, लेक दुसऱ्या गावात, मध्ये बसचा अर्ध्या दिवसाचा रस्ता. पण रेघ कुठेही, कधीही बघता यायची.

आई इस्त्रीवाली. तीन मजली इमारतीच्या तळाशी दोन खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत खिडकीला लागून लाकडी टेबल. टेबलावर जाड चादर, चादरीवर इस्त्रीच्या आकाराचे दोन-चार करपलेले डाग, बाजूला पाणी शिंपडायची झाकणाला भोकं पाडलेली बाटली. नवरा होता तोवर तो पँटी करायचा, ती शर्ट करायची, आणि दोघांचं एकमेकांच्या घड्यांबद्दल कधीच एकमत झालं नाही. नवरा गेल्यावर पँटीही तिच्याकडे आल्या. कॉलर आधी, टोकांकडून आत, मग कफ, मग पाठ, हा तिचा नियम. एकदा एका गिऱ्हाइकाने घाईत सांगितलं, ‘फक्त पुढून करा, वरून कोट घालणार आहे.’ तर तिने शर्ट तसाच परत दिला होता. कोट काढला तर माझं नाव जाईल, म्हणाली.

माणूस कळायला तिला तोंड बघावं लागत नसे. कॉलरच्या आतल्या बाजूवरून तिला सगळं कळायचं. कुणाची नोकरी सुटली, कुणाच्या घरी बायको रुसून गेली, कोण आठवडाभर त्याच शर्टात झोपलं. पण कळलेलं तिने कधी कुणाला सांगितलं नाही. इमारतीतल्या निम्म्या भानगडी तिच्या टेबलावरून सपाट होऊन परत गेल्या असतील.

गेल्या वर्षी तिचे पाय सुजले. दोन शर्ट झाले की धाप लागायची. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, हृदय थकलंय, उभं राहून करायची कामं आता बंद. लेक धावत आली. आईला आपल्याकडे घेऊन जायचं तिच्या मनात होतं.

“तुझ्याकडे येऊन मी काय करू?” आई म्हणाली. “तुम्ही दोघं सकाळी जाणार. मी काय भिंतींशी बोलू?”

“इथे कुणाशी बोलतेस?”

“इथे निदान भिंती ओळखीच्या आहेत.”

शेवटी तोडगा निघाला. आईने इथेच राहायचं, पण इस्त्रीला हात लावायचा नाही. आणि लेकीने तिकडून मीटरवर नजर ठेवायची. याला आमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. पण त्या वेळी दोघींनाही तो तोडगा फार शहाणपणाचा वाटला.

लेकीला तर तसा वाटणारच. ती शीतगृहात कामाला होती. फळांच्या, बटाट्यांच्या मोठमोठ्या थंड खोल्या, आणि प्रत्येक खोलीच्या तापमानाची एक रेघ तिच्या टेबलासमोरच्या पडद्यावर. दिवसभर डोळ्यात तेल घालून त्या रेघा बघायच्या, एवढंच काम. रेघ वर चढली की समजायचं, कुणीतरी दार उघडं टाकलंय किंवा यंत्र बसलंय, माल नासणार. रेघ सरळ असेल तर खोलीकडे जायचंसुद्धा नाही. उगाच दार उघडलं तर साहेब ओरडायचे. वर्षानुवर्षं हे केल्यावर माणसाच्या डोक्यात सरळ रेघ म्हणजे सगळं आलबेल, हे पक्कं बसतं. तिच्याही बसलं होतं.

सुरुवातीला आईला त्या मीटरचा भलताच धाक होता. जिन्याखालच्या त्या पांढऱ्या डबीत लाल दिवा लुकलुकायचा. डबीसमोरून जाताना आई केसांवरून हात फिरवून घ्यायची. वरच्या मजल्यावर एक म्हातारे मास्तर राहत, शाळेतून निवृत्त झालेले, एकटेच. ते जिन्यात थांबून काही बोलू लागले की आई ओठांवर बोट ठेवायची. “हळू मास्तर. लेक बघतेय.” मास्तर समजावून सांगायचे की त्यात कॅमेरा नाही, फक्त वीज मोजतात. आई मान डोलवायची आणि जाताना पुन्हा केस नीट करायची.

खरं सांगायचं तर तिला ते आवडलं होतं. कुणीतरी आपल्याला बघतंय, ही गोष्ट एकट्या बाईला आवडू शकते, हे लेकीच्या लक्षात आलं नाही.

लेकीला मात्र रेघ वाचायचा नाद लागला. पंधरा दिवसांत तिला आईचं घर तोंडपाठ झालं. ते बारीक, थांबून थांबून येणारे उंचवटे फ्रिजचे. सकाळचा टोकदार सुळका पाणी तापवायचा. त्यानंतरचा रुंद उंचवटा टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटरचा. संध्याकाळी दिवे आणि टीव्ही, मग पुन्हा एकटा फ्रिज. ती कामावरच्या मैत्रिणीला मोबाइल दाखवून सांगायची, “बघ, आता आईने चहाचं पाणी ठेवलं असणार, किटली लागली.” मैत्रीण म्हणायची, “तुझी आई नशीबवान.”

आणि रोज फोन. फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं.

“आई, आज पाणी उशिरा तापवलंस.”

“हो गं. अंघोळीला उठावंसंच वाटेना.”

“बरं. पण वेळेवर तापवत जा, म्हणजे मला कळतं. आणि काल फ्रिजचं दार नीट लागलं नव्हतं का?”

“असेल.”

“नीट लावत जा.”

असं बोलणं चालायचं. दोघींपैकी कुणीही वाईट नव्हतं. लेकीला वाटायचं आपण आईची केवढी काळजी घेतो, आणि घेतही होती. रात्री झोपायच्या आधीची शेवटची गोष्ट आईची रेघ असायची.

मग एका दुपारी रेघेवर डोंगर उभा राहिला. तो डोंगर लेकीने लहानपणापासून अनुभवला होता. इस्त्री लावली की घरातला बल्ब जरा मंद व्हायचा, इतकी ती इस्त्री जुनी आणि खादाड होती. तिने जागेवरूनच फोन लावला.

“दुपारी काय लावलं होतंस?”

“कुठे काय.”

“आई.”

“अगं, मास्तरांचे दोन शर्ट होते. बिचारे चुरगळलेले घालून फिरतात. बसूनच केले, स्टुलावर.”

“बसून इस्त्री होते का? मला शिकवतेस?”

आईने विषय बदलला. आठवडाभर रेघ शहाण्यासारखी वागली. मग सकाळची मोटर नेहमीपेक्षा उंच दिसू लागली, आणि जास्त वेळ चालू लागली. लेकीने दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं. आई मोटर लावायची त्याच वेळी इस्त्री लावत होती. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ते हेच.

या वेळी लेक चिडली. चिडण्यामागे भीती होती, पण फोनवर भीती ऐकू जात नाही, चिडणं तेवढं ऐकू जातं. ती म्हणाली की डॉक्टरांनी काय सांगितलं ते विसरलीस का, तुला काही झालं तर मी काय करायचं, इतक्या लांबून मी किती धावायचं. आणि शेवटी म्हणाली, “पुन्हा रेघ वर गेलेली दिसली तर मी येऊन ते टेबल उचलून भंगारात देईन.”

 पलीकडून आईचा श्वास ऐकू येत होता, जरा जड.

“बरं,” आई म्हणाली. “नाही जाणार वर.”

आणि तिने शब्द पाळला. कसा पाळला ते लेकीला पुढे कळलं, पण इथे सांगून टाकायला हरकत नाही. माळ्यावर नवऱ्याची कोळशाची इस्त्री होती. पूर्वी दिवस-दिवस वीज जायची त्या काळातली. लोखंडी पेटीसारखी, वर उघडायचं झाकण, आत निखारे. नुसती उचलायची म्हटलं तरी तरण्या माणसाचं मनगट भरून यावं. ती तिने मास्तरांकडून खाली काढून घेतली. कोपऱ्यावर कोळसा मिळायचा. मीटरला ती इस्त्री दिसत नव्हती.

एवढा हट्ट कशासाठी, असं कुणी विचारेल. पैशासाठी नव्हे. लेक सगळं पुरवत होती. पण ती बाई लहान मुलगी होती तेव्हापासून दुसऱ्यांच्या सुरकुत्या काढत आली होती. सकाळी दाराशी कुणीतरी गठ्ठा घेऊन उभं आहे, ‘उद्या लग्नाला जायचंय हो, तेवढं बघा’ म्हणतंय, याची तिला सवय होती. काम बंद झाल्यावर लोक दारावरून जाऊ लागले. ओळखीने हसायचे, पण थांबायचे नाहीत. थांबायला कारणच उरलं नव्हतं. टीव्ही लावून ती बसायची आणि मांडीवरचा टॉवेल पुन्हा पुन्हा घडी करायची. हात शिवशिवायचे. तिला मरणाची भीती नव्हती असं नाही, पण त्या खुर्चीची भीती जास्त होती. निखारे पेटले तसे लोक पुन्हा थांबू लागले.

इकडे लेकीच्या मोबाइलवर रेघ अशी सरळ झाली की बघत राहावं. सकाळी पाणी, मोटर, संध्याकाळी दिवे आणि दुपारभर फक्त फ्रिज. लेकीचा जीव भांड्यात पडला. तिने मैत्रिणीला दाखवलं, नवऱ्याला दाखवलं. आईला फोन करून म्हणाली, “शाबास. आता कशी शहाण्यासारखी आराम करतेस.”

“हो,” आई म्हणाली. “तुला बरं वाटतं ना?”

“खूप.”

“मग झालं.”

पूर्वी ती दर पंधरवड्याला आईकडे एक चक्कर मारायची. आता फळांचा हंगाम सुरू झाला होता, सगळ्या खोल्या भरलेल्या, रजा मागायची सोय नव्हती. आणि रेघ तर सरळच होती. एक फेरी चुकली, मग दुसरी. खात्री म्हणून ती मास्तरांना फोन करायची.

“मास्तर, आई काम करत नाही ना?”

“छे छे. बसून असतात.”

“नक्की?”

“नक्की.”

मास्तर हे म्हणायचे तेव्हा त्यांच्या अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट असायचा.

थंडी वाढली. कोळशाचा धूर खिडकीतून वर जायचा आणि मास्तरांना खोकला सुटायचा. भांडण करावं असा त्यांचा स्वभाव नव्हता. एकदा जिन्यात भेटल्यावर ते नुसतं म्हणाले, “बाई, धूर जरा वर येतो हो.” आई ओशाळली. दुसऱ्याला त्रास झालेला तिला खपायचा नाही. त्या दिवसापासून तिने काम करताना खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली. थंडीही आत येईना, धूरही वर जाईना. चांगला पेटलेला कोळसा फारसा धूर करत नाही, नुसती ऊब देतो. त्यामुळे घाबरण्यासारखंही काही वाटत नव्हतं.

ज्या दुपारी आई गेली त्या दुपारी लेकीने जेवणाच्या सुट्टीत रेघ पाहिली होती. सरळ होती. तिने मोबाइल उलटा ठेवला आणि डबा खाल्ला.

संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. ते शर्ट घ्यायला खाली आले होते. दार वाजवलं, मग ढकललं. आई स्टुलावर बसलेली होती, डोकं टेबलावर, कपड्यांच्या गठ्ठ्यावर गाल टेकलेला. झोप लागली असं वाटलं त्यांना. इस्त्री बाजूला विटेवर ठेवली होती. आत राख, तळ अजून कोमट. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळशाचा वायू साठला. त्याला वास नसतो, आणि थकलेल्या हृदयाला तो थोडासाही पुरतो.

लेक आली, जे करायचं ते केलं. रडली, पण आतून सारखा रागच येत होता. आईचा, मास्तरांचा, त्या लोखंडी पेटीचा. येताना बसमध्ये तिने तो दिवस मोबाइलवर उघडून पुन्हा पाहिला होता. बोटांनी मोठा करून पाहिला. आई गेली तो अर्धा तास आणि आधीचा अर्धा तास यांत काडीचा फरक नव्हता.

चार-पाच दिवसांनी लोक कपडे न्यायला येऊ लागले. लाजत यायचे, दाराशी उभे राहायचे, आपला गठ्ठा ओळखून दाखवायचे. लेक देत गेली. इतके लोक येतील असं तिला वाटलं नव्हतं. एका तरुण मुलीने सांगितलं की पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना आईने तिला कुर्ता घालूनच टेबलापाशी उभं केलं आणि बाहीची चूण तिथल्या तिथे मोडली होती. एक माणूस आपले शर्ट छातीशी धरून दाराशी थोडा वेळ उभा राहिला आणि मग गेला. शीतगृहात बसून पाहिलेल्या त्या सपाट दुपारांमध्ये हे सगळे लोक या खोलीत येऊन बसत होते, हसत होते. तिला त्यातलं काहीच दिसलं नव्हतं.

मास्तर सगळ्यात शेवटी आले. त्यांचे दोन शर्ट घडी करून तयार होते, तिसरा तसाच चुरगळलेला होता. त्यांनी तिन्ही घेतले आणि गेले नाहीत.

“तुम्ही खोटं बोललात माझ्याशी,” लेक म्हणाली.

“बोललो.”

“दर वेळी विचारत होते मी. काम करते का, काम करते का. एकदा जरी खरं सांगितलं असतंत तर मी आले असते.”

मास्तरांनी शर्ट एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. त्यांना बसायला सांगायचं भान तिला राहिलं नव्हतं.

“त्यांनीच सांगून ठेवलं होतं मला,” ते म्हणाले. “म्हणाल्या, मास्तर, तिचा फोन आला आणि काम करते का असं विचारलं तर नाही म्हणा. तिच्या जिवाला घोर नको. तिला रेघ सरळ लागते.”

“आणि तुम्ही ऐकलंत.”

“ऐकलं. पण पुढे अजून एक म्हणाल्या होत्या. म्हणाल्या, पण कधी ‘आई कशी आहे’ असं विचारलं, तर मात्र सगळं खरं सांगा. पाय पुन्हा सुजलेत, चार पावलं चालवत नाही, संध्याकाळी जीव घाबरा होतो, सगळं. आणि म्हणावं, येऊन घेऊन जा. मी येईन म्हणते.” मास्तरांना खोकला आला. तो थांबेपर्यंत त्यांनी तोंडावर हात धरला. “मी वाट बघत होतो, पोरी. प्रत्येक फोनला वाटायचं, आता विचारशील.”

ते शर्ट घेऊन वर गेले. पायऱ्यांवर त्यांची पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली, मग वरचं दार लागलं.

लेक आईच्या स्टुलावर बसली. खिडकी कुणीतरी उघडून ठेवली होती आणि खोलीत चांगलाच गारठा आला होता. ती आठवू लागली. एखाद्या दिवशी तरी, निदान आईलाच, फोन ठेवता ठेवता का होईना, आपण तो प्रश्न विचारला असेल. बोलणी एकेक करून आठवत गेली. मोटर आठवली, किटली आठवली, फ्रिजचं दार आठवलं, टेबल भंगारात देईन म्हणाले ते शब्दन्शब्द आठवले. ती अंधार पडेपर्यंत आठवत बसली, पण तो एक प्रश्न तिला कुठेच सापडला नाही.